चाकरमान्याच्या आठवणी आणि त्याच्या गावचं गाणं: पॉडकास्टचा एक भाग असा उभा करा

स्थलांतरितांच्या आठवणींचे पॉडकास्ट बऱ्याचदा एकाच जागी फसतात. माणूस बोलत असतो आणि त्याच्या बोलण्याखाली कुठली तरी ढोलकी मंद वाजत असते. ती कुणाची, कुठल्या गावची, त्या माणसाचा तिच्याशी संबंध काय, यातलं काहीच श्रोत्याला कळत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या चाकरमान्यांबद्दल असं करणं म्हणजे अर्धी हकीकत फेकून देणं. गावकीच्या (एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या) खोलीतलं शनिवारचं भजन, वाडीच्या मंडळाने गावच्या देवळासाठी लावलेला शक्ती-तुऱ्याचा (दोन शाहिरांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबाचा) सामना, परळच्या दामोदर नाट्यगृहातले कोकणी लोककलांचे प्रयोग, या सगळ्यातून गाव मुंबईत टिकून राहिलं. म्हणून गाण्याला मुलाखतीइतकाच वेळ, तितकीच तयारी आणि तितकीच परवानगी लागते.

पुढची पद्धत 35 ते 40 मिनिटांच्या एका भागासाठी आहे. दोन माणसं नोकरी सांभाळून काम करणार असतील, तर पहिल्या भेटीपासून प्रसारणापर्यंत सहा आठवडे धरा.

विषय एका खोलीएवढा करा

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 मध्ये स्थापन झाली आणि मोठा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. मधली सव्वाशे वर्षं एका भागात कोंबायला गेलात, तर पाठ्यपुस्तक होईल. एक वाडी, त्या वाडीची लालबाग-परळमधली एक खोली आणि वीसेक वर्षांचा काळ एवढं पुरे. संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातली एखादी वाडी घ्या आणि साधारण 1965 ते 1985 हा काळ धरा.

आवाज तीन हवेत: गिरणीत काम केलेला माणूस, त्याच काळात गावी राहिलेली किंवा मुंबईत खानावळ चालवलेली बाई, आणि शाहीर किंवा भजनीबुवा. बाईचा आवाज सोयीसाठी गाळू नका. पुरुष खातं, पाळी, जॉबर (कामगार भरणारा मुकादम), संप यांबद्दल बोलतात. मनीऑर्डर किती यायची, ती आली नाही त्या महिन्यात घर कसं चाललं, पत्र कोण वाचून दाखवायचं, हे बाईलाच ठाऊक असतं. फुगडीची नाहीतर जात्यावरची गाणीही तिच्याकडेच निघतात.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय

तासाभराची भेट ठेवा, यंत्र पिशवीतच राहू द्या. या भेटीत चार गोष्टी बघायच्या. ऐकू नीट येतं का? कवळी आहे का? असेल तर ती बसवून बोलताना शिट्टीसारखा आवाज येतो का, तेही ऐका. दिवसातल्या कुठल्या वेळी माणूस ताजातवाना असतो? आणि घरात शांतता कधी असते? चाळीत नळाला पाणी येण्याची वेळ आणि संध्याकाळची कुकरची वेळ वगळा. दुपारी दोन ते चार हा बहुतेक ठिकाणी बरा काळ. गावी रेकॉर्डिंग करायचं असेल, तर जून ते सप्टेंबर टाळा, कारण पत्र्यावरचा पाऊस कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. गणपतीत सगळे गावी सापडतात हे खरं, पण त्या दिवसांत कुणाला निवांत तास मिळत नाही. भेटी गणपतीत ठरवाव्यात आणि रेकॉर्डिंग दिवाळीनंतर करावं.

कागद आणि वस्तू मागून बघा: गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, मंडळाचं वर्गणीचं पुस्तक, जुना फोटो, ट्रंक. वस्तू हातात असली की माणूस सालं आणि नावं नेमकी सांगतो. तरी साल चुकतंच. तेव्हा ‘कुठल्या साली?’ असं विचारण्यापेक्षा खुंट्या वापरा: कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967, पहाटे), आणीबाणी (1975), संप (1982), कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ते साल (1998). ‘भूकंपाच्या आधी आलात की नंतर?’ याचं उत्तर बहुतेकांना देता येतं.

परवानगी, आणि सुपारी

परवानगीचा कागद मराठीत, एका पानाचा आणि मोठ्या अक्षरांत असावा. त्यात प्रत्येक गोष्टीला वेगळी खूण हवी: आवाज वापरायला, खरं नाव द्यायला, फोटो वापरायला, गाणं पूर्ण प्रसारित करायला, मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवायला. प्रसारणाआधी माघार घेता येईल हे त्यात स्पष्ट लिहा. सही येत नसेल किंवा नको असेल, तर तोच मजकूर वाचून दाखवून होकार रेकॉर्ड करा. एकच सरसकट ‘सर्व हक्क देत आहे’ असा कागद पुढे करणं गैर आहे. तसा कागद बघून शहाणा माणूस बोलायचा थांबतो.

गिरणी कामगारांच्या घरांचा विषय अनेक कुटुंबांत अजून चालू असतो. सोडतीचा अर्ज, वारसांचा वाद, कागदांवरचे क्रमांक यातलं काहीही प्रसारित करू नका, माणूस आपणहून सांगत असला तरी. जॉबरला दिलेले पैसे, उसनवारी, कुणाची बायको कुणासोबत गेली, अशा गोष्टीही येतात. जिवंत माणसांची नावं असतील, तर ती कापा.

कलाकारांशी बोलताना मानधन पहिल्याच दिवशी ठरवा. बारीला, म्हणजे भजनाच्या किंवा शक्ती-तुऱ्याच्या कार्यक्रमाला, सुपारी (ठरवलेलं मानधन) देण्याची रीत आहे. ‘पॉडकास्ट आहे, प्रसिद्धी मिळेल’ हे कारण चालत नाही आणि चालू नये. प्रवास, जेवण आणि वादकांचे पैसे धरून रक्कम सांगा.

यंत्रं किती आणि कोणती

एक हातातला रेकॉर्डर, झूम किंवा टास्कॅमचा, ज्याला दोन बाहेरचे माइक जोडता येतात. दोन कॉलर माइक, एक तिवई, बंद कानांचा हेडफोन, दोन मेमरी कार्डं, जास्तीच्या बॅटऱ्या. एवढ्यावर भाग होतो. मांडणी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वॅव अशी ठेवा. या मांडणीत एका वाहिनीला तासाला सुमारे 520 एमबी लागतात, स्टिरिओला साधारण एक जीबी. 32 जीबीचं कार्ड दिवसभर पुरतं.

फोनवर काम भागवायचं असेल, तर बोलणं चांगलं होतं, गाणं बिघडतं. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. ढोलकीची थाप पडली की तो पातळी खाली ओढतो आणि पुढचे दोन-तीन शब्द बुडतात. पातळी हाताने ठरवू देणारं ॲप घ्या. आणि काहीही झालं तरी रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नका. ते दाबून लहान केलं जातं. पाठवायचंच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

32 बिट फ्लोटवाले नवे रेकॉर्डर पातळीची काळजी जवळपास मिटवतात. मात्र माइकच फाटला, म्हणजे झांज त्याच्या तोंडाशी वाजली, तर तेही वाचवू शकत नाहीत.

बोलणं रेकॉर्ड करताना

फरशीच्या रिकाम्या खोलीपेक्षा गाद्या-गोधड्या रचलेली लहान खोली कधीही चांगली. पंखा बंद करावाच लागतो. म्हाताऱ्या माणसाला उकाड्यात तासभर बसवू नका, पंधरा मिनिटं झाली की पंखा लावून थांबा. फ्रिज बंद करत असाल, तर स्वतःची गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरत नाही.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पदर, मंगळसूत्र आणि खिशातला चष्मा यांची घसट सगळ्यात जास्त त्रास देते. माइक पदराच्या उलट बाजूला लावा आणि वायर कपड्याला चिकटपट्टीने धरून ठेवा. बांगड्या काढायला सांगू नका. हात मांडीवर उशी देऊन ठेवले की पुष्कळ भागतं. सगळे फोन विमान मोडवर टाका.

बोलण्याचे सर्वांत मोठे आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील असं बघा. हेडफोन कानाला हवाच, काटा हलतो म्हणजे आवाज चांगला येतोय असं नाही. सुरुवातीला किंवा शेवटी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा आवाज घ्या. संपादनात दोन वाक्यांमधली फट भरायला तोच लागतो.

बैठक 60 ते 75 मिनिटांची, मधे चाळिसाव्या मिनिटाला चहा. आठवड्याने दुसरी बैठक घ्या. पहिल्या बैठकीनंतर माणसाला रात्रभर आठवत राहतं आणि दुसऱ्या वेळी तो स्वतःच सुरुवात करतो.

प्रश्न

‘मुंबईत आल्यावर कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘बरं वाटलं’ याच्या पलीकडे काही मिळत नाही. जागा, वस्तू, हिशोब आणि क्रम विचारा. बोटीने आलात की एसटीने? भाऊच्या धक्क्यावर कोण घ्यायला आलं होतं? खोलीत पहिल्या रात्री वळकटी कुठे टाकलीत? एका खोलीत किती माणसं आणि कुठल्या पाळीची कुठे झोपायची? खानावळीचा महिन्याचा हिशोब कधी व्हायचा? बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) किती वर्षं होतात? साचेखात्यातल्या (मागांच्या खात्यातल्या) आवाजात एकमेकांशी बोलायचात कसे?

संप कधी संपला, हे विचारू नका. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि वाद सुरू होतो. ‘गेटवर शेवटचे कधी गेलात?’ आणि ‘त्यानंतर पहिलं काम कुठलं धरलंत?’ हे विचारा.

गाण्याकडे नेणारे प्रश्न वेगळे असतात. खोलीत भजन कुठल्या वारी? पखवाज कुणाचा होता, तो खोलीत कुठे टांगलेला असायचा? रात्रपाळीवाले झोपलेले असताना तालीम कुठे व्हायची? जाखडीसाठी (फेर धरून नाचायच्या कोकणी नाचासाठी) गावी जायला रजा कशी मिळवायचात? उत्तर देताना माणूस एखादी ओळ गुणगुणला, तर मधे बोलू नका, ‘वा’ सुद्धा म्हणू नका. ती ओळ शाहिराच्या आवाजातल्या पूर्ण गाण्याला जोडता येते आणि भागाचा सांधा तिथेच बसतो.

बोलीला हात लावू नका. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारा माणूस माइक बघून पुस्तकी मराठीकडे वळतो. विचारणाऱ्यांपैकी एकजण त्याच बोलीत बोलणारा असेल, तर तो पाच मिनिटांत परत वळतो.

गाणं रेकॉर्ड करताना

गाण्याला वेगळा दिवस द्या. मुलाखतीच्या शेवटी ‘आता एक गाणं होऊन जाऊ दे’ म्हटलं की दमलेला आवाज, साथ नाही आणि पट्टी चुकलेली, असं रेकॉर्डिंग पदरात पडतं.

कोकणातल्या भजनात बुवा बहुधा स्वतः पेटी धरून गातात, पखवाज बाजूला असतो आणि कोरसवाले झांज घेऊन समोर किंवा मागे बसतात. या सगळ्यात झांज माइकला सगळ्यात मोठी ऐकू येते, कानाला वाटते त्याहूनही मोठी. म्हणून स्टिरिओ रेकॉर्डर बुवांपासून दोन मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंच ठेवा आणि झांजवाल्यांना बुवांच्या मागे आणखी दीड मीटर सरकवा. पेटीची भाता हलवायची बाजू खडखडते, म्हणून माइकचा रोख बुवांच्या तोंडाकडे हवा. दुसरा माइक असेल, तर तो पखवाजाच्या डाव्या तोंडाकडे, हातभर अंतरावर, तिरपा ठेवा. त्या तोंडाला कणीक लावून पखवाज सुरात आणायला वीस मिनिटं सहज जातात. ती वेळापत्रकात धरा आणि तेही रेकॉर्ड करा, भागात वापरायला सुरेख आवाज असतो तो.

पातळी ठरवताना संथ अभंगावर ठरवू नका. आधी गजर म्हणायला सांगा, आणि तो टिपेला गेल्यावर काटा उणे 10 च्या वर जाणार नाही असं बघा. गजरात लय दुप्पट होते, सगळे एकदम गातात, आणि अभंगावर लावलेली पातळी तिथे फाटते. बुवांची पट्टी (काळी एक, पांढरी पाच, जी असेल ती) वहीत लिहून ठेवा. दुसऱ्यांदा गाणं घ्यायची वेळ आली, तर त्याच पट्टीत घ्या, नाहीतर दोन तुकडे जोडता येत नाहीत.

जाखडीची अडचण वेगळी. पारंपरिक मांडणीत गाणारे-वाजवणारे मधे बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. बाहेर ठेवलेल्या माइकला प्रत्येक फेऱ्यात पायातले चाळ जवळ येऊन लांब जाताना ऐकू येतात आणि शाहिराचे शब्द त्यात हरवतात. माइक फेराच्या आत हवा, वादकांच्या डोक्यावर दोन मीटर उंच, तोंड शाहिराकडे. तिवईचा पाय नाचणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही याची खात्री चालून बघून करा. बाहेरून दुसरा रेकॉर्डर लावा, जमीन, पाय आणि माणसांचा गलबला घ्यायला. दोन्ही यंत्रं चालू केल्यावर एक टाळी सुरुवातीला आणि एक शेवटी वाजवा. दोन रेकॉर्डरांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, तासाभरात तो फरक कानाला कळण्याइतका होतो, आणि शेवटची टाळी नसेल तर तो किती ते मोजता येत नाही.

शक्ती-तुऱ्यात सवाल-जवाब असतात, आणि समोरच्या शाहिराला नाव घेऊन टोमणे मारणं त्यातच येतं. बायकांवरची दुअर्थी कडवीही येतात. सादरीकरण थांबवू नका, जसं आहे तसं रेकॉर्ड करा. प्रसारणात काय घ्यायचं ते नंतर ठरवा, आणि नाव घेतलेला शाहीर हयात असेल तर ते कडवं त्याला ऐकवल्याशिवाय लावू नका.

चाल कुणाची?

भाग काढून टाकावा लागतो तो बहुधा इथे. भजनाच्या डबलबारीत (दोन बुवांच्या सामन्यात) आणि शक्ती-तुऱ्यात सिनेमाच्या गाण्यांच्या चाली सर्रास वापरतात. शब्द बुवांचे, चाल कुठल्या तरी संगीतकाराची. यूट्यूबसारख्या ठिकाणची यंत्रणा अशी चाल ओळखू शकते आणि मग दावा लागतो. सुपारी ठरवतानाच ‘पारंपरिक चालीतलं गाणं हवं’ असं सांगा.

भारतीय कायद्यानुसार शब्द आणि संगीत यांचे हक्क रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतात, ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर 60 वर्षं, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे स्वतःच्या सादरीकरणावरचे हक्क 50 वर्षं. वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. उदाहरणार्थ, अण्णाभाऊ साठे यांचं निधन जुलै 1969 मध्ये झालं, म्हणजे गिरणगावात घरोघरी गायल्या गेलेल्या त्यांच्या रचना 2029 संपेपर्यंत हक्कांत आहेत. तुकोबांचा अभंग मोकळा आहे, पण त्याला एखाद्या विसाव्या शतकातल्या संगीतकाराने लावलेली चाल मोकळी नाही. पारंपरिक गाणं असलं तरी समोर बसून गाणाऱ्याची लेखी परवानगी लागतेच. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ ही समजूत कायद्यात कुठेही नाही.

नोंद आणि संपादन

घरी आल्या आल्या तीन प्रती करा: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, आणि तिसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. तोवर कार्ड पुसायचं नाही. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा (तारीख, गाव, माणसाची खूण, क्रमांक), देवनागरी नावं काही यंत्रांवर तुटतात.

मग ऐकत ऐकत नोंद करा, दर दोन मिनिटांनी एक ओळ: वेळ, विषय, वापरण्याजोगं वाक्य. तासाभराच्या बोलण्याचं पूर्ण लेखन करायला पाच-सहा तास लागतात. यंत्राने केलेलं लेखन बोलीत फार चुकतं. पूर्ण लेखन निवडलेल्या वीस-पंचवीस मिनिटांचंच करा.

संपादनाला ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. बोलण्यावर 80 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, गुरगुर जाते. गाण्यावर तो कापू नका, पखवाजाचा आणि ढोलकीचा घुमारा तिथेच असतो. गोंगाट कमी करण्याची सोय बोलण्यावर 6 ते 10 डेसिबलपर्यंत ठीक. गाण्यावर ती अजिबात लावू नका, झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, कारण यंत्राला झांज आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही.

रचनेत एक गाणं तरी पूर्ण लावा, तीन-चार मिनिटं, वर कुणाचं बोलणं न ठेवता. त्याआधी निवेदनात दोन वाक्यं पुरतात: कोण गातंय, कुठे, आणि कडव्यातला अडणारा शब्द. वीस-वीस सेकंदांचे तुकडे शिंपडलेत, तर गाणं परत पार्श्वसंगीत होऊन बसतं. गाण्याची सरासरी पातळी बोलण्यापेक्षा दोन-तीन लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) खाली ठेवा. भागाची एकूण पातळी उणे 16 लफ्स आणि टोक उणे 1 डेसिबल.

दूरचा आवाज जोडायचा असेल तर

मॉरिशसला 1834 पासून करारावर मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांत आजही गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. जाखडीच्या भागात तिथला आवाज आणायचा मोह होतो आणि तो योग्यही आहे, पण त्यासाठी निदान दहा मिनिटं राखून ठेवा, नुसता उल्लेख नको. व्हिडिओ कॉलवरचं रेकॉर्डिंग वापरू नका. कॉल फक्त ऐकायला ठेवा, दोन्ही टोकांना आपापल्या फोनवर वेगळं रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला टाळी वाजवा. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. बोलणाऱ्याला क्रिओल (तिथली रोजची बोली) सोयीची असेल, तर क्रिओलमध्येच बोलू द्या. प्रसारणात त्याचा आवाज चार-पाच सेकंद मोकळा ऐकवा, मग खाली करून मराठी भाषांतर वर घ्या आणि वाक्याच्या शेवटी मूळ आवाज परत वर आणा.

प्रसारणाआधी

तयार भाग आधी तिन्ही माणसांना ऐकवा, शक्यतो त्यांच्या घरी, स्पीकरवर. ते सांगतील ती कापाकापी करा. चित्र 3000 बाय 3000 पिक्सेल, भाषा मराठी अशी नोंदवा, एमपी3 स्टिरिओ 128 केबीपीएस. 40 मिनिटांची फाइल 38 एमबीच्या आसपास होते. त्याहून खाली गेलात, तर झांज फाटल्यासारखी ऐकू येते. वर्णनात वादकांची नावं वाद्यांसह द्या, ती बहुतेक जण विसरतात. न कापलेलं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून एक प्रत कुटुंबाला आणि एक वाडीच्या मंडळाला द्या.